फळ्यावर न मावलेल्या ओळी

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. घरचा पत्ता तोच आहे, तरी तू ते कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलंस. ऑफिसातल्या बाई ते घेऊन दोन जिने चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्हालाही पत्रं येतात होय?" मी म्हटलं, "येतात कधीमधी." चार वर्षांत आलेलं हे पहिलंच.

सहा ओळी. उभ्यानेच वाचल्या, मग प्रयोगशाळेचं दार लोटून स्टुलावर बसून पुन्हा वाचल्या. तुझी लेक तुला विचारते की आई, तू माझ्याशी कधी भांडत का नाहीस? ती कितीही तणतणली तरी तू खालच्या आवाजात बोलतेस, किंवा उठून जातेस. फोनवर तर कोणाशीच बोलत नाहीस. आणि मग शेवटची ओळ : "दादा, त्या रविवारी मी आईचा फोन ठेवला, त्यानंतर किती वेळाने ती पडली? फक्त वेळ सांग."

सांगतो. आधी थोडं इकडचं लिहितो, हात चालू होऊ दे.

माझं काम तेच आहे. आठला कुलूप काढायचं, भिंगं पुसायची, बॅटऱ्या तपासायच्या, पोरांनी वाकवलेले काटे सरळ करायचे, पाचला कुलूप लावायचं. गुडघे कुरकुरतात. पन्नाशीला दोन वर्षं आहेत, पण जिना चढताना सत्तरीचा होतो. आणखी एक काम अंगावर आहे, प्रश्नपेटीचं. विभागाच्या दाराशी पत्र्याची एक पेटी टांगलेली आहे. मुलं शंका चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकतात. दर गुरुवारी मी त्या चिठ्ठ्या आमच्या जुन्या सरांकडे नेतो. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, कॉलेजमागच्या क्वार्टरमध्ये राहतात. ते वहीत उत्तर लिहून देतात आणि शुक्रवारी सकाळी मी ते व्हरांड्यातल्या फळ्यावर उतरवतो. माझं शिक्षण गावच्या शाळेतलं, पण गुरुजींनी छडी उगारून अक्षर घटवून घेतलं होतं, ते इथे कामी येतंय.

यंदा सगळ्या चिठ्ठ्या सापेक्षतेवरच्या. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणाऱ्या गाडीत कोणी पुढे बॅटरी मारली, तर तो उजेड जास्त जोरात जाईल का? नाही जाणार. उजेड सगळ्यांना एकाच वेगाने जाताना दिसतो. मग दोन जुळे भाऊ, एक ताऱ्याकडे जाऊन आला, दुसरा घरी राहिला, म्हातारा कोण झाला? हा प्रश्न दर वर्षी येतो. सर वैतागून म्हणाले, "या जुळ्यांना आता पेन्शन लागली असेल, तरी पोरं त्यांना प्रवासाला पाठवतातच." एकाने विचारलं होतं की लांब शिडी जोरात पळवली तर आखूड होऊन गोदामात मावते म्हणे, खरं का? खरं आहे. मी सरांना म्हटलं, आमच्या स्टोअरमधली शिडी चार वर्षं दाराबाहेर डोकं काढून पडलीय. सर म्हणाले, "तू पुरेसा जोरात पळत नाहीस."

पण मागच्या शुक्रवारचं उत्तर माझ्या डोक्यात घर करून बसलंय. फलाटाच्या दोन टोकांना दोन दिवे आहेत. फलाटावरचा माणूस म्हणतो, दोन्ही एकदम लागले. भरधाव गाडीतला म्हणतो, पुढचा आधी लागला, मागचा नंतर. उजेड डोळ्यापर्यंत यायला लागलेला वेळ वजा केला तरीही. आणि दोघंही खरे. सर लिहितात की 'एकदम' हा शब्द सगळ्यांचा मिळून एक नसतो, ज्याचा त्याचा असतो.

मग तुझ्या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ, सांग. तू तिकडे लांब, मी इकडे. तुझ्याकडून बघितलं तर फोन आधी. इकडून बघितलं तर कदाचित सगळं एकदमच झालं असेल. रविवारी संध्याकाळी कधीतरी. अशा वेळी घड्याळाकडे कोणाचं लक्ष असतं? मोठमोठ्या माणसांनाही जिथे आधी कोणतं आणि नंतर कोणतं हे ठाम सांगता येत नाही, तिथे आपण कोण? मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड पोचलं. "दादा, मी शास्त्र विचारलेलं नाही. वेळ विचारलीय."

वाचून आधी चेहरा उतरला, मग बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला. लहानपणी मी हिशेब चुकलो की तू पाटी माझ्या पुढ्यात आपटून असंच बोलायचीस. आईने तुला भिंगरी उगाच नाही म्हटलं.

बरं, वेळ. तुझा फोन चारला आला होता. आई पडली ती साधारण सातला. साडेसहा धर हवं तर. म्हणजे मध्ये अडीच-तीन तास गेले. इतक्या वेळानंतर त्या बोलण्याचा काय संबंध? काहीही नाही. डॉक्टरांनाही विचारलं होतं मी, तेही म्हणाले की वयाने होतं असं. तेव्हा डोक्यातून काढून टाक.

मामाचं बोलणं तुझ्या जिव्हारी लागलं असणार, ते मला माहीत आहे. दवाखान्याच्या त्या लांब बोळात, सगळ्यांच्या समोर त्याने विचारलं होतं, "काय बोललीस गं तिला फोनवर?" तू माझ्याकडे बघितलंस. मी फरशीकडे बघत होतो. त्या फरशीला काळे ठिपके होते, दर चौथी फरशी उलटी बसवलेली होती. इतकं बारीक मला आठवतं, म्हणजे किती वेळ बघत होतो बघ. मामा आता थकलाय, ओळख विसरतो. त्याच्यावर राग धरू नकोस.

मी सकाळी अंघोळ झाली की दहा मिनिटं हात जोडून बसतो. पूर्वी काहीतरी मागायचो, तुझं बरं होऊ दे, तुझ्या लेकीचं बरं होऊ दे. हल्ली नुसता बसतो. तोंडातून शब्द निघत नाही. थकल्यामुळे असेल.

काळजी घे. लेकीशी चार शब्द चढ्या आवाजात बोललीस म्हणून काही होत नाही.

दादा

९ मार्च

प्रिय भिंगरी,

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोसच, आधी हे वाच.

काल विभागात गोंधळ झाला. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे, सगळे तिला वकीलबाई म्हणतात. ती उत्तरपत्रिका घेऊन तरातरा प्रयोगशाळेत आली. मागून विभागप्रमुख मॅडम.

"काका, हे अक्षर तुमचं ना?" तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फळ्याचा फोटो होता. दिव्यांचंच उत्तर.

"माझंच."

"बघा मॅडम!"

मॅडम म्हणाल्या, "अगं, पुस्तक वाचायचं सोडून फळा वाचलास?"

"फळा काय रस्त्यावरचा आहे का, मॅडम? आपल्याच विभागाचा आहे ना?"

मॅडमनी तिच्या हातातली उत्तरपत्रिका माझ्यापुढे धरली. मुलीने पेपरात लिहिलं होतं की कोणत्याही दोन घटनांचा क्रम बघणाऱ्यागणिक बदलतो, म्हणून परिणाम कारणाच्या आधीही घडू शकतो. आठपैकी शून्य. वर तपासणाऱ्याने लाल शाईने लिहिलं होतं, 'म्हणजे तू तुझ्या आईच्या आधी जन्मलीस का?'

मी कपाटातून सरांची वही काढली. सरांचं उत्तर अठरा ओळींचं होतं. आमचा फळा अकरा ओळींचा. अकरावी ओळ जिथे संपली तिथे वाक्यही पूर्ण होत होतं, वाचायला बरं वाटत होतं, म्हणून मी तिथे थांबलो होतो. असं मी नेहमीच करतो. मावेल तितकं लिहायचं, वाक्य मध्येच तुटणार नाही एवढं बघायचं. मी खोटं एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं, भिंगरी. नुसतं पुढचं लिहिलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत वही घेऊन सरांकडे गेलो. खांद्यावर शाल टाकून खुर्चीत बसले होते. सगळं सांगितलं.

"किती ओळी मावतात म्हणालास?"

"अकरा, सर."

"आणि किती वर्षं लिहितोयस?"

"सहा."

"म्हणजे सहा वर्षं मी निम्मंच शास्त्र शिकवतोय! आणि मला वाटायचं पोरं मठ्ठ आहेत." हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. मग त्यांनी उरलेल्या सात ओळी मला मोठ्याने वाचायला लावल्या. लिहिलं होतं ते असं. दोन घटना एकमेकींपासून इतक्या दूर असतील की पहिलीकडून निघालेला उजेडसुद्धा दुसरी घडण्याआधी तिच्यापर्यंत पोचू शकत नाही, तरच त्यांचा क्रम बघणाऱ्यागणिक बदलतो. पण पहिलीची खबर दुसरीपर्यंत वेळेत पोचण्यासारखी असेल, तर क्रम सगळ्यांना एकच दिसतो. बघणारा कितीही वेगाने धावो. कारण आधी, परिणाम नंतर, हे कोणालाही उलटं करता येत नाही.

मी वही मिटली आणि विचारलं, "सर, दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या असतील तर?"

"घर केवढं?"

"दोन खोल्यांचं."

"अरे वेड्या, तेवढं अंतर कापायला उजेडाला लागतं किती? पापणी अर्धीही मिटत नाही. घरात सकाळी एक गोष्ट झाली आणि दुसरी संध्याकाळी झाली, तर गाडीतून बघ नाहीतर ताऱ्यावरून बघ, सकाळची आधीच." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "कोणाला गंडवायला निघाला होतास माझ्या नावावर?"

ते गमतीने म्हणाले. मला हसता आलं नाही.

उठताना त्यांनी बजावलं, "एका दिवशी मावत नसेल तर उरलेलं दुसऱ्या दिवशी लिही. पण लिही." आज सकाळी फळा पुसून त्या सात ओळी लिहिल्या. वकीलबाई उभी राहून वाचून गेली. तिचे मार्क काही वाढणार नाहीत. मॅडमनी तसं स्पष्ट सांगितलं.

मागच्या पत्रात मी तुला सातची वेळ लिहिली आहे. ती खरी धरू नकोस. आता साडेचार झालेत, कुलूप लावायचं आहे. उद्या बसून लिहितो.

दादा

१० मार्च

भिंगरी,

आई शनिवारी सकाळी पावणेसातला पडली. तुझ्या फोनच्या आदल्या दिवशी.

एवढं वाचून पत्र बाजूला ठेवायचं असेल तर ठेव. उत्तर तेवढंच आहे. उरलेलं माझं आहे.

न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. मी आवाज ऐकून धावलो. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "पाय सरकला रे, काही नाही." उठवताना तिचं डावं अंग सगळं माझ्यावर आलं. खुर्चीत बसवलं, चहा दिला. चहा डाव्या हातात धरायला गेली आणि पदरावर सांडला. त्या दिवशी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक येणार होते, किल्ल्या माझ्याकडे. मी घड्याळ बघितलं. तुला लिहिलं होतं ना की अशा वेळी घड्याळाकडे कोणाचं लक्ष असतं? माझं होतं. सात वाजून वीस मिनिटं. शेजारच्या काकूंना 'जरा लक्ष ठेवा' म्हणालो आणि गेलो.

संध्याकाळी आलो तर ती तशीच खुर्चीत. बोलणं जड येत होतं. मी म्हटलं झोप, सकाळी बरं वाटेल. रविवारी सकाळी बरं वाटलं नव्हतं. मला दिसत होतं. दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा, रांग, भरती, रात्रीची जाग, आणि सोमवारी परीक्षेचा दुसरा दिवस. मी इतका दमलो होतो गं. वडील गेल्यापासून अकरा वर्षं तिचं सगळं मी एकटा बघत होतो आणि कधी कोणापाशी बोललो नव्हतो. हे कारण म्हणून सांगत नाही. काय घडलं ते सांगतोय.

सोमवारी ती उठवून उठेना तेव्हा नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून असं आहे?" माझ्या तोंडून निघालं, "काल संध्याकाळपासून. बहिणीचा फोन झाल्यावर." मी काही ठरवून बोललो नव्हतो. तुझ्यावर ढकलायचंही मनात नव्हतं. मला फक्त शनिवार लपवायचा होता, आणि त्याच्यापुढे ठेवायला काहीतरी हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या काही तासांत आणलं असतं तर वेगळं झालं असतं." मी मान हलवली. मग तेच मामाला सांगितलं, मामाने सगळ्यांना. बुधवारी तू पोचलीस तोवर ती गोष्ट माझ्या हातातून निसटून गेली होती. तरी थांबवता आली असती. मामाने तुला विचारलं तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. गुरुवारी आई गेल्यावरही पुरलं असतं. तू बॅग उचलून निघालीस तेव्हाही. मी तुझी बॅग रिक्षात ठेवली आणि म्हटलं, "पोचल्यावर कळव."

आता फोनचं. तुला आठवतंय की तू काहीही विचारलंस तरी ती नुसतं "हं, हं" करत होती. तू चिडलीस. म्हणालीस, "नीट बोल ना! तोंडात काय धरून बसलीयस?" आणि मग, "रुसायचंच असेल तर मी ठेवते." हे शब्द तू चार वर्षं उराशी घेऊन बसली आहेस. मलाही ते पाठ आहेत. कारण मी तिथे होतो. फोन मी तिच्या कानाशी धरला होता. तिला तो धरता येत नव्हता. ती रुसली नव्हती, भिंगरी. जीभ वळत नव्हती. मी मधे तोंड घालून एवढंच म्हणायचं होतं की अगं, आई कालपासून बरी नाही. तू लगेच म्हणाली असतीस, "मग अजून घरात काय करतोयस?" ते ऐकायचं नव्हतं मला. म्हणून गप्प राहिलो.

तुझ्या बोलण्याने तिला काही झालेलं नाही. जे व्हायचं ते आधीच झालं होतं. आणि त्यापुढे जे झालं ते माझ्या न बोलण्याने झालं. हा क्रम कोणीही, कुठूनही बघितला तरी असाच आहे.

हे वाचून तू मला काय म्हणशील ते माहीत नाही. माझ्याशी बोलू नकोस असं वाटलं तर नको बोलूस. क्षमा मागायला शब्द जुळवले होते, आज सकाळी हात जोडून बसलो तेव्हा. लिहायला घेतल्यावर ते फार कमी वाटले.

एक राहिलं. हे मी कोणालाच सांगू शकलो नाही, कारण सांगितलं असतं तर फोनच्या वेळी तिची काय अवस्था होती तेही सांगावं लागलं असतं.

तू फोन ठेवलास तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. वाटलं, आता रडेल. ती हसत होती. उजव्या बाजूनेच हसली, डावी बाजू तशीच राहिली. ते बघितलं आणि मला सगळं कळलं, तरी मी सोमवारपर्यंत थांबलो. पण ती खरंच हसत होती. शब्द अडखळत होते, दोनदा म्हणावे लागले तिला, दुसऱ्यांदा मला नीट समजले. "बघ कशी बोलते. हुबेहूब मी." मग उजव्या हाताने फोनकडे बोट केलं आणि म्हणाली, "तिला म्हणावं, ये. समोरासमोर भांडू."

दादा